जागा सत्तावन्न

ट्राममधून उतरून घरी आलो, जिन्याखालची पत्रपेटी उघडली, तर विजेच्या बिलाखाली पूल-समितीचं कार्ड. पाच वर्षं झाली म्हणायची. छापील मजकूर तोच, माझ्या वडिलांच्या वेळेपासून एक अक्षर बदललेलं नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी पुलाची भारचाचणी, सकाळी सातला वजनं, खिसे रिकामे असावेत, आदल्या रात्री जड जेवू नये. या शेवटच्या सूचनेला मी दर खेपेला हसतो, तसा हसलोही. मग खाली हाताने लिहिलेल्या दोन ओळी दिसल्या. जागा ५७ : दगड, ६० किलो. जागा ५८ : दगड, ६० किलो. बदल असल्यास कळवावे. अक्षर अनोळखी होतं, सुबक होतं. कचेरीत कुणी नवा कारकून आला असणार, त्याने मागच्या वहीत पाहिलं आणि जसं दिसलं तसं उतरवून काढलं. त्या बिचाऱ्याची काय चूक? त्याच्या लेखी मुनेकाने आडनावाच्या घरात दोनच माणसं, आणि दोन्ही दगड. मी तिथेच जिन्यापाशी उभा राहिलो. हातातली पिशवी खाली ठेवायचंही सुचेना. वरच्या मजल्यावरच्या बाई कचऱ्याचा डबा घेऊन उतरत होत्या. "काय हो मुनेकानेसान, बिल जास्त आलं का? तोंड उतरलंय अगदी." म्हटलं, नाही, गावाकडचं पत्र आहे. "अगंबाई, कुणी गेलं का?" म्हटलं, नाही हो, पुलाचं आहे, त्याच्यावर वजन ठेवायचंय. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, बरं बरं म्हणाल्या आणि डबा सांभाळत निघून गेल्या.

हिरोशिमात मी वीस वर्षं लाकूड मोडायचं काम करतो. म्हणजे नोकरीच ती आहे. तुळई यंत्राखाली ठेवायची, वरून हळूहळू दाब वाढवत न्यायचा, आणि ती कधी मोडते ते लिहून ठेवायचं. लाकूड हा फार सज्जन पदार्थ आहे. मोडायच्या आधी ते बोलतं. आधी बारीक कुरकुर, मग एक कटकन आवाज, मग दुसरा, मग जरा गप्प, आणि मग मोडतं. कान असलेल्या माणसाला भरपूर वेळ मिळतो. माणसांचं तसं नाही. माझी बायको फुसाए माझ्याबरोबर सोळा वर्षं राहिली आणि कुरकुर अशी कधी केलीच नाही, किंवा केली असेल तर माझं लक्ष यंत्राकडे असेल. ते कार्ड मी जेवणाच्या टेबलावर पालथं ठेवलं. भात केला, लोणचं काढलं, आणि जेवताना दोनदा ते सुलटं करून पाहिलं. दगड, साठ किलो. लिहिणाऱ्याने दोन्ही वेळा पुढे टिंबसुद्धा नीट दिलं होतं.

आमच्या गावाचा पूल लाकडी कमानींचा आहे. तीन कमानी, खिळा जवळजवळ नाही, तुळयांवर तुळया रचून, पाचर मारून, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या. वीस-पंचवीस वर्षांनी एकेक कमान नवी करतात, आणि दर पाच वर्षांनी मधली कमान तपासतात. दुसरीकडे वाळूची पोती ठेवतात, पाण्याच्या टाक्या ठेवतात. आमच्याकडे माणसं ठेवतात. एकशेवीस जागा, फळीवर प्रत्येक जागेला पितळी खिळा, खिळ्यावर आकडा, आणि जागा घराण्यात चालत आलेली. जागा साठ किलोची. माणूस कमी भरला तर बाकीचं नदीतल्या गोट्यांनी भरायचं. गोटे पिशवीत घालून पायाशी ठेवायचे. माणूस साठच्या वर गेला की बाद. त्यामुळे चाचणीच्या आधी महिनाभर गावात निम्मे पुरुष उपाशी असतात. तांदळाच्या दुकानातला मोठा काटा पुलाच्या तोंडाशी आणून ठेवतात आणि दुकानातल्याच हात्सुबाई वजनं ओरडून सांगतात. अब्रू म्हणून राहत नाही कुणाची. "बासष्ट! गोन्दासान, घरी जा, बायकोला पाठवा, आणि पोटभर जेवून घ्या एकदाचे!" गोन्दासान पोस्टमास्तर, दर खेपेला बासष्ट. दर खेपेला काट्यावर शर्ट काढतात, मग पट्टा, मग दाताची कवळी. असा सगळा तमाशा. आणि आमच्या घराकडे पिढीजात काम माप वाचण्याचं. कमानीच्या पोटाखाली मध्यभागी मिलिमीटरच्या खुणांची एक पांढरी पट्टी टांगलेली असते. खाली नदीच्या कोरड्या गोट्यांवर दुर्बीण लावून मी बसतो. वर माणसं उभी राहिली की पट्टी किती खाली आली ते वाचतो आणि ओरडून सांगतो. आकडा मागच्याइतकाच आला की पूल ठणठणीत. माझे वडील आम्हां पोरांना दम द्यायचे, "पुलाला कळतं हं. एक गोटा कमी घातलात ना, कुणाला कळलं नाही तरी पुलाला कळतं." गावात सगळेच म्हणतात तसं. खोटं बोलणाऱ्या पोराला म्हणतात, बाजारात कमी तोलणाऱ्याला म्हणतात, नवऱ्याला म्हणतात.

पुलाला कळत नाही. हे मला विसाव्या वर्षापासून ठाऊक आहे, कारण मी ते शिकलो. बहात्तरशे किलोंनी कमान साडेअठरा मिलिमीटर बसते. पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वाचता येतं. वर एकशेवीस माणसं श्वास घेतात, शिंकतात, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकतात, त्यानेच पट्टी मिलिमीटरभर थरथरत असते. त्यात एका माणसाचं काय दिसणार? शिवाय कमानीचा स्वभाव असा की वजन आलं की ती उलट आवळून बसते, एकेक तुळई शेजारणीला घट्ट धरते. तिला भीती एकाच गोष्टीची, एकाच बाजूला भार आला तर. म्हणून आधी अर्ध्या पुलावर माणसं उभी करतात, एकपासून साठपर्यंत. मग ती बाजू दबते आणि दुसरी, रिकामी बाजू, वर उचलली जाते. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. आमच्या घरातही तसंच झालं असं मला पुष्कळदा वाटतं, पण कुठली बाजू कोण होतं ते मात्र अजून ठरवता येत नाही.

जागा सत्तावन्न माझ्या आईची. दहा वर्षांपूर्वी आईचे गुडघे गेले आणि आमच्या मुलीने, तामाकीने, हट्ट धरला की मी उभी राहणार. नऊ वर्षांची होती. फुसाए म्हणाली, राहू दे की, मी अठ्ठावन्नलाच आहे शेजारी. कुमेझो मिस्त्री म्हणजे पुलाच्या सुतारांचे मुख्य, त्यांनी तिला काट्यावर चढवलं. ती काट्यावर श्वास रोखून, गाल फुगवून उभी राहिली, वजन वाढावं म्हणून. "सव्वीस!" हात्सुबाई ओरडल्या. "अगं, तुला काही खायला घालतात की नाही? चौतीसचे गोटे आणा रे, पोरीपेक्षा पिशवी जड!" सगळे हसले. ती हसली नाही, तिचं लक्ष काट्याच्या सुईकडे होतं. पिशवी फुसाएनं शिवलेली, जाड तागाची, वर लाल दोऱ्याने ५७. खाली गोट्यांवरून मला कठड्यावर तिचं फक्त कपाळ दिसत होतं. शेवटी ढोलाच्या ठेक्यावर सगळ्यांनी पाय आपटायचे असतात, कमान हलते कशी ते पाहायला. तेव्हा ते कपाळ असं काही वरखाली होत होतं की मला दुर्बिणीत डोळा लावून ठेवणं जड गेलं. संध्याकाळी ती खाली माझ्यापाशी आली. मी पट्टी पुसून कापडात गुंडाळत होतो. ती जवळ बसली, एकदोन प्रश्न विचारले. मग आम्ही घरी गेलो. फेब्रुवारीत तिला ताप आला. चार दिवस. चौथ्या दिवशी पहाटे डॉक्टर बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता फुसाएकडे बघून बोलले. एवढंच. त्याच्यापुढे मला लिहिता येत नाही आणि लिहून उपयोगही नाही.

पाच वर्षं गेली आणि कार्ड आलं. तेव्हाचा कारकून जुना होता, त्याने सत्तावन्नपुढे काहीच लिहिलं नव्हतं, जागा कोरी सोडली होती. फुसाएनं ते कार्ड पाहिलं आणि बाजूला ठेवलं. मला वाटलं ती येणार नाही. पण चाचणीच्या सकाळी ती माझ्या आधी तयार होती. पेटीतून ती पिशवी काढली, इस्त्री केली. तागाच्या पिशवीला इस्त्री! मला तेव्हाच समजायला हवं होतं. काट्यापाशी रांग होती. मी गोट्यांच्या ढिगाशी बसून पिशवी भरायला घेतली. गोटे आदल्या दिवशी वाळवून ठेवतात, ओला गोटा जास्त भरतो म्हणून. ती माझ्या शेजारी येऊन उकिडवी बसली.

"सतराचेच घाला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ती चौदाची झाली असती. मी शाळेच्या नर्सबाईंकडून तक्ता आणलाय. आपली जरा बारीक, म्हणून त्रेचाळीस धरले. त्रेचाळीस तिचे, सतरा गोट्यांचे. झाले की साठ."

तिने ते बाजारातल्या हिशोबासारखं सांगितलं. हात्सुबाईंनी काट्यावरचा हात काढून घेतला. गोन्दासान कवळी हातात घेऊन उभे होते, ती त्यांनी तोंडात घातली.

"फुसाए, लोक बघताहेत," मी म्हणालो.

"बघू देत. त्यांनीही पोरं वाढवलीत."

"जागा साठची आहे."

"साठच होतात म्हटलं ना. सतरा घाला आणि तेवढी जागा सोडा तिला. ती उभी राहील."

मी म्हणालो, "पुलाला कळेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. "हो. पुलाला कळेल," ती म्हणाली, "तुम्हांला नाही कळत." आणि मी काय केलं? मी गोटे भरत राहिलो. एकेक. तागाच्या पिशवीत गोटा गोट्यावर पडतो त्याचा आवाज काही मोठा नसतो, पण तेव्हा तिथे दुसरा आवाजच नव्हता. सतरा झाले, ती बसून होती. सव्वीस झाले. चौतीस झाले, म्हणजे तामाकी जिवंत असताना होते तेवढे, तिथे माझा हात थांबला होता, हे मी शपथेवर सांगतो. मग मी पुढचा गोटा उचलला. साठला काटा स्थिर झाला तेव्हा फुसाए उठली, पायातल्या मोज्यांवरची वाळू झटकली, आणि पुलावर न जाता बसच्या थांब्याकडे चालू लागली. मिस्त्री म्हणाले, अठ्ठावन्न रिकामी झाली की रे. मग तीही मीच भरली. साठ. आणि खाली जाऊन डोळा दुर्बिणीला लावला आणि साडेअठरा असं खणखणीत ओरडलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन महिन्यांनी ती ओनोमिचीला बहिणीच्या टोफूच्या दुकानात कामाला गेली, ती गेलीच.

का केलं मी तसं? शिस्त, परंपरा, वडील, सगळं स्वतःला सांगून झालं. खरं कारण घाणेरडं आहे. सव्वीस हा आकडा खरा होता. तो हात्सुबाईंनी चारचौघांत ओरडून सांगितला होता, वहीत लिहिलेला होता, मी कानांनी ऐकला होता. त्यापुढचं मला काही नको होतं. आणि फुसाए मात्र तिला वाढवत होती, मला न विचारता, माझ्याच घरात, दरवर्षी थोडी थोडी. बुटांच्या दुकानापुढे ती का थांबायची, शेजारच्या मुलीचा गणवेश का हात लावून बघायची, ते मला त्या सकाळी लख्ख कळलं. तिच्याकडे चौदा वर्षांची मुलगी होती आणि माझ्याकडे नव्हती. मला राग आला. मुलगी गेलेल्या बाईचा मला हेवा वाटला, राग आला, आणि मी पिशवी भरली. पुलाला कळेल म्हणे! त्या पट्टीवर काय दिसतं आणि काय नाही, हे त्या अख्ख्या गावात एकट्या मला माहीत होतं.

कार्ड येऊन नऊ दिवस झाल्यावर मी ओनोमिचीला फोन लावला. नंबर पाठ होता. जवळजवळ पाच वर्षांत एकदाही लावला नव्हता. टोफूवाल्यांना दुपारी सवड असते असा अंदाज केला होता.

"हॅलो. मी बोलतोय."

"हं." मागे पाण्याचा आवाज येत होता. "कोण आजारी आहे?"

"कुणी नाही. पुलाचं कार्ड आलंय."

"मग द्या टाकून."

"त्यात तुझ्यापुढे दगड लिहिलंय."

"बरोबरच लिहिलंय," ती म्हणाली. "आणि तिच्यापुढे?"

"तिच्याही."

पाण्याचा आवाज बंद झाला. मी घाईने बोललो, कारण ती फोन ठेवेल अशी भीती होती. "या खेपेला मी बारा भरीन. एकोणीसची झाली असती. अठ्ठेचाळीस धरले मी."

मला वाटलं ठेवलाच. मग तिचा आवाज आला, कोरडा, दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलावा तसा. "सत्तेचाळीस. आमच्याकडच्या बायका हलक्या असतात. आणि गेल्या वर्षी ती आजारी होती थोडी." मी कार्ड हातात घेतलं. "तेरा भरा," ती म्हणाली, आणि मग फोन ठेवला. गेल्या वर्षी ती आजारी होती. मी तसाच फोन धरून उभा होतो. कसला आजार, किती दिवस, मला कुणी कळवलं नाही, असं काहीतरी वेड्यासारखं माझ्या मनात येऊन गेलं.

रविवारी धुकं होतं, पण सातला विरळ झालं. काटा तोच, हात्सुबाई त्याच, आता खुर्चीत बसून ओरडतात. गोन्दासान निवृत्त झाले, वाळले आणि सत्तावन्न किलो भरले, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सत्तर वर्षं खाल्लं ते गेलं कुठे म्हणते मी?" हात्सुबाई म्हणाल्या. मी गोट्यांच्या ढिगाशी बसलो. पिशवी माझ्याकडेच राहिली होती, लाल दोरा आता विटकरी झालाय. तेरा किलो म्हणजे किती थोडे गोटे! मी ते काट्यावर नीट तोललेसुद्धा, एक बारका गोटा घातला, काढला, पुन्हा घातला. सवय कुठे जाते? मग पिशवी उचलून पुलावर नेऊन ठेवायच्या आधी वहीत नोंद करावी लागते. वहीपाशी कुमेझो मिस्त्री. ऐंशी ओलांडलेले, तीन बोटं नाहीत, पण तुळईवर नुसता पंजा ठेवून आत कीड आहे का सांगतात.

"सत्तावन्न किती?" ते म्हणाले.

"साठ."

त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्या हातातून पिशवी घेतली, एकदा वरखाली केली. मी त्यांच्या पायांकडे बघत होतो.

"म्हातारा झालो बाबा," ते म्हणाले. "आता हाताला काही कळत नाही. साठ म्हणतोस ना? साठ." आणि वहीत लिहिलं. मग पिशवी परत देताना दबक्या आवाजात म्हणाले, "पाच वर्षं उशीर केलास, गाढवा." मी पुढे झालो. अठ्ठावन्नचा पितळी खिळा पुलाच्या ऐन पाठीवर, सत्तावन्नच्या शेजारी. त्यावर फुसाए उभी होती. केस पांढरे झालेत पुढून, हात पाण्याने लाल. काट्यावर ती कधी चढली, किती भरली, मला कळलंच नाही, हात्सुबाईंनी ते तेवढं ओरडून सांगितलं नसावं. मी पिशवी ठेवली. तिने वाकून पिशवीचं तोंड चिमटीत धरून उघडलं, आत पाहिलं, पुन्हा बंद केलं आणि पाऊलभर बाजूला सरकली, दोन माणसं शेजारी उभी असतात तेवढी. मी खाली गेलो.

अर्धा भार झाला. मग सगळे एकशेवीस. वरून बोलणं, खोकणं, कुणीतरी कुणाला तरी ढकलू नकोस म्हणतंय, मग ढोलाचा एक ठोका आणि शांतता. मी डोळा लावला. दुर्बिणीत फक्त पट्टी दिसते. माणसं दिसत नाहीत, पूलसुद्धा दिसत नाही, काळ्या रेघा आणि आकडे आणि त्यांची बारीक थरथर. आणि मी, वीस वर्षं लाकूड मोडणारा, हिशोबाने आधीच उत्तर ठाऊक असलेला माणूस, प्रार्थना करत होतो. कसली, तर पट्टी वर दिसू दे. अर्धा मिलिमीटर, फक्त अर्धा. अठरा येऊ दे. सत्तेचाळीस किलो नाहीत हे कुठेतरी दिसू दे. पुलाला कळू दे. कळलं असतं तर मी तेव्हा बरोबर होतो असं झालं असतं, हे एक. आणि दुसरं असं की तिच्या नसण्याचं काहीतरी वजन भरलं असतं. थरथर हळूहळू थांबली. रेघ स्थिर झाली. मी डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. वरून मिस्त्री ओरडले, "अरे, वाच की! माणसं किती वेळ उभी करतोस?"

"साडेअठरा," मी ओरडलो.

टाळ्या झाल्या. पूल ठणठणीत. मग ढोल, मग पाय आपटणं, पण त्या वेळी मी कठड्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

चाचणी झाली की प्रत्येकाने आपापले गोटे नदीला परत द्यायचे. लोक पिशव्या घेऊन हसत-बोलत खाली उतरतात, पोरं लांब फेकतात. फुसाए सगळ्यांत मागून आली. मी म्हणालो, दे, मी धरतो. "तेरा तर आहेत," ती म्हणाली आणि पिशवी कडेवर घेऊन माझ्यापुढून पाण्याकडे गेली. कडेला बसून तिने एकेक गोटा पाण्यात ठेवला. टाकला नाही, ठेवला. मग माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाली, "गेल्या खेपेला किती आला होता?"

"साडेअठरा."

"म्हणजे तेव्हाही चाललं असतं."

"हो."

"तुम्हांला तेव्हा माहीत होतं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. यंत्रं तेव्हा वेगळी होती, हवा कोरडी होती, काहीही. "होतं," मी म्हणालो. "तिलाही सांगितलं होतं."

ती वळली. "कुणाला?"

"तामाकीला. त्या संध्याकाळी, इथेच. तिनं विचारलं, बाबा, मी एकटीने किती वाकवला? मी हिशोब करून सांगितलं, काहीच नाही, तुझं वजन पट्टीवर दिसत नाही."

फुसाए ओल्या गोट्यांवर होती तशी खाली बसली. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. राग नव्हता त्यात. भुकेलं माणूस ताटाकडे बघतं तशी ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला कळायला वेळ लागला. दहा वर्षांत तिला मुलीचं एकही नवं वाक्य मिळालं नव्हतं, आणि हे मी स्वतःजवळ ठेवून बसलो होतो.

"मग?" ती म्हणाली. "मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, मग मी कशाला उभी राहिले?"

"अशी नसेल म्हणाली. ती कशी म्हणाली तसं म्हणा."

मी प्रयत्न केला. मला जमलं नाही, आवाज फाटला, तरी तिने मान हलवली, ओठांनी तेच शब्द पुन्हा बोलून पाहिले. मग डोळे पुसून विचारलं, "आणि तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"काही नाही. मी पट्टी पुसत होतो."

वर पुलावर कुणीतरी हाका मारत होतं, भाताचे लाडू वाटायला घेतले होते. फुसाएनं पिशवी झटकली, उलटी करून आतली वाळू काढली, घडी घातली, आकडा वर येईल अशी, आणि माझ्या हातात दिली. मी विचारलं, "पुढच्या खेपेला किती भरू?"

"तेराच," ती म्हणाली. "एकोणीसनंतर मुली वाढत नाहीत." दहा पावलं गेली आणि मागे न वळता म्हणाली, "आणि माझ्या जागी साठ." मग ती बसच्या थांब्याकडे गेली. मिस्त्रींची माणसं कमानीखालून पट्टी सोडवून माझ्याकडे देत होती. पट्टी धुक्याने भिजली होती. मी कापड काढून पुसायला घेतली.